वहिनी, मी नवव्या शब्दावर थांबलो

वहिनी,

त्या दिवशी माझ्या खोलीत दहा पुरुष होते आणि मी नऊ मोजले.

एवढं एक वाक्य लिहायला मला तुमच्या मरणाची वाट बघावी लागली. तुम्ही होतात तेव्हा जुना जालना ते नवीन जालना हे अंतर रिक्षानं जेमतेम पंधरा मिनिटांचं होतं. पूल ओलांडून यायचं, कापडाच्या दुकानांमागच्या तुमच्या गल्लीत शिरायचं, दार वाजवायचं आणि सांगायचं. मी कितीदा तरी आलो, चहा प्यायलो, साखर कमी आहे म्हणालो, आणि परत गेलो.

दादाला जाऊन वर्ष झालं होतं, त्याची प्रार्थना होती. जालन्यात आपल्या बेने इस्राएल लोकांचं सभास्थान नाही. चार-पाच घरं उरलेली, बाकीचे कधीच मुंबईला नाहीतर इस्राएलला गेलेले. म्हणून स्टेशनजवळच्या माझ्या घराची पुढची खोली हेच आपलं सभास्थान. गेलेल्या माणसासाठी त्याच्या मुलानं म्हणायची ती कद्दीश, तिला दहा पुरुष लागतात. दहा नसले तर ती म्हणता येत नाही. म्हणून मी महिनाभर आधीपासून फोन करत होतो. मनमाडहून शालोम काका आले होते, नांदेडहून दोघं, पुण्याहून तिघं. संभाजीनगरचा मोझेस यायचा होता, त्याची गाडी चुकली. तसा त्याचा फोनही आला होता.

आपल्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. बोट दाखवून एक, दोन म्हणायला आई गुरं मोजणं म्हणायची. दहा शब्दांचं एक जुनं वचन आहे, ते म्हणायचं, एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द. शेवटचा शब्द ज्याच्यावर पडला तो दहावा. मी म्हणत गेलो. शालोम काका, पुण्याचे तिघं, नांदेडचे दोघं, इथले दोघं, मग छातीला हात लावून मी स्वतः. नऊ शब्द झाले. माझ्या समोर, दादाच्या फोटोखाली, तुमचा नाथा उभा होता. दादाचीच प्रार्थनेची शाल खांद्यावर, शालीचे गोंडे बोटांना गुंडाळलेले. चांगला बावीस वर्षांचा, बापाएवढा उंच. कद्दीश त्यालाच म्हणायची होती. दोन महिने तो ती पाठ करत होता, हेही मला माहीत होतं.

दहावा शब्द मी म्हटलाच नाही.

"नऊच आहेत," मी म्हणालो.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात होतात. "मंग नाथा हाये ना, भावजी."

"तसं चालत नाही, वहिनी. नियम आहे."

"कोनाचा?"

मी घड्याळाकडे बघितलं, जणू मोझेस अजून येणार होता. सगळे माझ्याकडे बघत होते. नाथानं गोंडे सावकाश बोटांवरून सोडवले, शाल काढली, तिची घडी केली आणि तुमच्या हातात दिली. त्यानंतर तो प्रार्थनेला माझ्या घरात आला नाही. दादाची कद्दीश त्या दिवशी राहिली ती राहिलीच. आम्ही दहा नसतानाची जी काय प्रार्थना असते ती केली आणि मलिद्याला बसलो.

आणि मलिदा तुम्ही वाटलात. भिजवलेल्या पोह्यांत नारळ, साखर, वेलची, वर मांडलेली फळं, सगळं सकाळपासून तुम्हीच केलेलं. ताट घेऊन तुम्ही आधी शालोम काकांकडे गेलात, मग बाकीच्यांकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं आता काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "घ्या भावजी. नारळ ओला हाये, ठेवू नका, खराब होईल."

मी खाल्ला, वहिनी. दोनदा घेतला.

*

तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी कॉलेजात होतो. दादानं कचेरीत लग्न केलं आणि टेंभुर्णीची सुनंदा घरी आणली. आई आठवडाभर बोलली नाही. मग एका शुक्रवारी तिनं तुम्हाला दिव्यात तेल घालायला सांगितलं, आणि तो तुमचा गृहप्रवेश. तुम्ही शाळेत शिकवायचात, फळ्यावर अगदी शुद्ध लिहायचात, पण घरात शिरलात की टेंभुर्णी सुरू. आईला तुम्ही पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "तुमचा शनवार आन् माझा रैवार, मंग मी काम कधी करू?" आई हसली होती. त्या घरात आई फार हसायची नाही.

तुम्ही सगळं शिकलात. बिरड्याची उसळ, काळ्या मनुकांचं सरबत, कोणत्या सणाला काय. हिब्रू प्रार्थना मराठी अक्षरांत लिहिलेली असते ती तुम्ही आमच्यापेक्षा स्पष्ट वाचायचात, कारण आम्ही लहानपणापासून गुळगुळीत म्हणत आलेलो. आणि तरी तुमची जागा दारातच राहिली. एस्तेर, माझी बायको, तुम्हाला आत ओढायची, "ताई, इकडे बसा की." तुम्ही म्हणायचात, "भावजींना इचार. कोन कुठं बसायचं त्याचा नकाशा त्यांच्याकडं हाये."

दादानंतर आईही गेली आणि घरातला मोठा मी झालो. प्रार्थनेच्या वेळी मी दाराला आतून कडी लावायचो. तुम्हाला ती कडी खुपायची. "कामून लावता? चोरी करून राह्यलो का आपण?" मी म्हणायचो, रस्त्यावरचा आवाज येतो. आवाज खिडकीतून यायचा, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

एकदा मलिद्याच्या दिवशी तुम्ही शाळेतल्या नसीमबाईंना आणि खालच्या मजल्यावरच्या शिंदे जोडप्याला घेऊन आलात. त्यांना बघायचं होतं, एवढंच. मी त्यांना बसू दिलं, पण चेहरा असा केला की ती माणसं फळाची फोड हातात घेऊन लवकरच उठली. नंतर मी तुम्हाला स्वयंपाकघरात गाठलं. "पुढच्या वेळी विचारून आणा."

"येगयेगळी पाच फळं मांडता त्या ताटात. लोकं मात्र येकाच झाडाची पाहिजेत का?"

"वहिनी, ही आपली घरगुती गोष्ट आहे."

"आपली म्हंजे कोनाची? मी धरून का सोडून?"

एस्तेर भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला. मी पाणी प्यायलो आणि बाहेर गेलो. अशी किती भांडणं मी अर्ध्यात सोडली. मी उठून जायचो आणि मला वाटायचं मी शांत स्वभावाचा आहे.

सगळ्यात लागलेलं वाक्य मात्र तुम्ही भांडणात बोलला नव्हतात. नाथाचा तो दिवस होऊन गेल्यावर काही महिन्यांनी मी माझ्या बियाणं कंपनीच्या गोदामातून लॉट तपासून परस्पर तुमच्याकडे आलो होतो, कपड्यांना कपाशीच्या बियाण्याच्या औषधाचा वास. तुम्ही पेपर तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "आज किती लॉट फेल केले?"

"दोन."

"तुम्हाला सवय लागली हाये, भावजी. पिशवीवर शिक्का मारायचा, पास, फेल. मानसाला शिक्का मारताना निदान उगवून तर पहायचं."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. पेपरांची चळत नीट केलीत आणि म्हणालात, "माझ्या बापानं, कचरूबाबानं, बुद्धाचा धरम घेतला तो कामून, माहीत हाये? गावात मागं बसावं लागू नये म्हनून. आन् त्याची पोरगी तुमच्या घरी येऊन बसली ती कुठं? दारात. बाप इचारायचा, सुनंदे, तिथं बराबर हाये ना सगळं? मी म्हनायची, बिलकुल बराबर, बाबा. मरेपर्यंत खोटं बोलले त्याच्याशी. तुमच्या इज्जतीपाई."

त्या दिवशीही मी "बघतो" म्हणालो. तुम्हाला रीतसर आपल्या धर्मात घ्यावं म्हणून मुंबईच्या मंडळींकडे शब्द टाकायला दादानं मला सांगितलं होतं. तेव्हापासून मी बघतच होतो. तुम्ही कधी तगादा लावला नाहीत. फक्त एकदा, कुणीतरी माझी ओळख करून देत होतं, तर तुम्ही मध्येच म्हणालात, "हे 'बघतो' म्हनायचं काम करतात. बँकेत, कंपनीत न्हाई, घरीच करतात." सगळे हसले. कशाबद्दल ते आपल्या दोघांनाच कळलं.

*

आता जे लिहायचं आहे ते मी एस्तेरलाही तुम्ही गेल्यानंतरच सांगितलं.

नियमाचं मी तुम्हाला जे सांगत होतो ते खोटं नव्हतं. मुंबईत कुणी एक सांगतात, पुण्यात कुणी दुसरं. माणूस आपल्यातला की नाही ते आईवरून ठरतं म्हणणारे आहेत, आणि कोकणातली आपली जुनी माणसं बापावरूनच घर मोजत आली, असं म्हणणारेही आहेत. मी कधी कुणाला विचारलं नाही. शास्त्र माझ्या बाजूनं असेलही, पण मी ते शास्त्रासाठी केलं नव्हतं.

कोकणात आपल्यात दोन भाग होते, गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. कातडीशी त्याचा संबंध नव्हता. कधीकाळी ज्या घरात बाहेरची बायको आली त्या घरची लेकरं काळी, आणि त्यांची लेकरंही, पिढ्यानपिढ्या. सभास्थानात त्यांनी मागे बसायचं. सरबताचा पेला त्यांना शेवटी. मलिद्याचं ताट वेगळं. लग्नं तर नाहीतच.

माझे आजोबा काळे इस्राएल होते. रेल्वेची नोकरी धरून ते जालन्यापर्यंत आले ते नोकरीसाठी कमी आणि त्या वेगळ्या ताटापासून लांब जायला जास्त. इथे कुणाला काही माहीत नव्हतं. इथे ते फक्त इस्राएल होते. बाबांनी मला हे एकदाच सांगितलं, आवाज बारीक करून, आणि वर म्हणाले, कुठं बोलू नकोस. मी बोललो नाही. मला वाटलं ती गोष्ट मी विसरलोय. पण नाथाकडे बघत दहावा शब्द म्हणायची वेळ आली तेव्हा माझ्या मनात शास्त्राचं एक अक्षर नव्हतं. मनात एवढंच होतं की ह्याला मोजलं तर पुण्याचे लोक विचारतील, तुमच्याकडे हे चालतं का, आधीपासूनच चालत आलंय का, तुमचे आजोबा कुठले.

म्हणजे, वहिनी, माझ्या आजोबांना ज्या ओळीत बसवलं होतं त्याच ओळीत मी माझ्या भावाच्या मुलाला बसवलं, कशासाठी, तर आजोबा तिथे बसले होते हे कुणाला कळू नये म्हणून.

हे लिहून झाल्यावर मी उठून गॅलरीत उभा राहिलो होतो. परत येऊन वाचलं. त्यात एक शब्द बदलावा असं वाटलं नाही.

*

दर वर्षी मोठ्या उपवासाच्या आदल्या दिवशी आपण एकमेकांची माफी मागतो. मी सगळ्यांच्या घरी जायचो, दारातच म्हणायचो, "काही चुकलं असेल तर माफ करा," आणि समोरचाही तेच म्हणायचा. पाठ झालेलं वाक्य. बाकी सगळीकडे ते चालायचं. तुमच्या दारात चालायचं नाही.

"काय चुकलं ते सांगा," तुम्ही म्हणायचात, "मंग करते."

दर वर्षी हेच. हसत म्हणायचात, पण दारातून बाजूलाही व्हायचा नाहीत. मीही हसायचो. "वहिनी, तुम्ही पण ना," म्हणायचो आणि पायऱ्या उतरायचो. मला ती तुमची गंमत वाटायची, म्हणजे मी तशी वाटून घ्यायचो. तुम्ही दर वर्षी दार उघडून ठेवत होतात, हे मला आता दिसतं.

मग तुमचा आजार. नाथा कंपनीतून सुटून दवाखान्यात यायचा, एस्तेर दिवसा असायची. मी शुक्रवारी यायचो, मनुकांचं सरबत घेऊन, म्हणजे तुमचा शुक्रवार चुकू नये. बोलायचो काय, तर डॉक्टर काय म्हणाले, पंखा हळू करू का. शेवटच्या शुक्रवारी तुम्ही एकट्या होतात. मी मनातल्या मनात प्रार्थना पुटपुटून घेतली, तुमचेही ओठ हलत होते. ती संपली आणि तुम्ही दोन्ही हात पुढे केलेत.

मी त्या हातांत सरबताचा पेला दिला.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग पेला तोंडाला लावलात, घोटभर प्यायलात. "ग्वाड झालंय," म्हणालात. मी जिना उतरून खाली आलो, गाडीची किल्ली काढली, आणि तिथे मला कळलं. प्रार्थना संपली की आपण हातबोशी करतो. एकानं दोन्ही हात पुढे करायचे, दुसऱ्यानं आपल्या हातांत घ्यायचे, मग दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची, आणि तसंच पुढच्या माणसाकडे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोलीभर ते हात फिरतात. इतकी वर्षं ते दारापर्यंत येऊन माझ्याजवळ थांबत, आणि मी पुस्तकं गोळा करायला लागायचो. एस्तेर स्वयंपाकघरातून येऊन तुमचे हात घ्यायची, पण ओळीतला शेवटचा माणूस म्हणून ते काम माझं होतं. तुम्ही ते कधी मागितलं नव्हतंत. त्या दिवशी मागितलंत, आणि मला वाटलं तुम्हाला तहान लागली.

परत वर जायला हवं होतं. दोन जिने होते. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी.

*

तुम्हाला कुठे ठेवायचं, हे तुमच्या भावानं विचारलं. टेंभुर्णीहून तो आणि घरची माणसं जीप करून आली होती. "भावजी, ताईला आमी न्यायचं का तुमी ठिवनार? खरं काय ते सांगा. इथं कुनी नाक मुरडनार असंल तर आमची जागा हाये." मी उत्तर द्यायच्या आत नाथा म्हणाला, "बाबांच्या शेजारी." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. परवानगीसाठी नव्हे. मी आता काय करतो ते बघायला.

मी फक्त मान हलवली. त्यातही माझा काही मोठेपणा नव्हता.

इंग्रजांच्या छावणीच्या काळात फौजेत आलेल्या आपल्या लोकांची ती जुनी दफनाची जागा, चार बाभळी आणि पडकी भिंत. रात्री फोन गेल्यावर दुपारपर्यंत सगळे आले, मोझेस या वेळी पहाटेच निघालेला. तुमच्या शाळेच्या बाया, नसीमबाई, खालचे शिंदे, टेंभुर्णीची माणसं. एवढी माणसं त्या जागेत मी पहिल्यांदाच पाहिली. शालोम काकांनी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच थांबले. आपल्यात मेलेल्या माणसाचं नाव बापाच्या नावासकट घेतात. बाहेरून आलेल्याला अब्राहामाचं लेकरू म्हणायची रीत आहे.

"कोणाची मुलगी म्हणू?" त्यांनी विचारलं.

"कचरूबाबांची," नाथा म्हणाला.

काकांनी तसंच म्हटलं. हिब्रू शब्दांच्या मध्ये टेंभुर्णीचा कचरू. तुमच्या भावानं डोळ्यांवर रुमाल धरला. मग काकांनी नाथाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हण बाळा." त्यांनी मोजलंच नाही. मला विचारलं नाही. नाथानं कद्दीश म्हटली. पाठ होती त्याला, एकही शब्द अडला नाही.

माती लोटून झाल्यावर काका नळाखाली हात धूत होते. मी शेजारी उभा राहिलो.

"बन्या," ते म्हणाले, "तुझ्या दादाच्या, एलीच्या वर्षाला मी तुझ्या डाव्या हाताला होतो. तू शेवटचा शब्द म्हणशील म्हणून वाट बघत होतो."

"काका, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"घर तुझं, भाऊ तुझा, पुतण्या तुझा. मला वाटलं तुलाच नको असेल. पुणेवाल्यांनीबी गाडीत हेच इचारलं मला, बेनीचं काही वाकडं आहे का पोराशी? आम्ही सगळे गप बसलो. चुकलंच आमचं." मग नळ बंद करून म्हणाले, "पण आम्ही कुणी नको म्हणालो नव्हतो रे."

वहिनी, मी इतकी वर्षं ज्यांच्या भीतीनं तुमच्या मुलाला वगळलं, ते सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. नको म्हणणारा त्या खोलीत एकच होता.

*

आपलं शास्त्र एक गोष्ट सांगतं. ज्याचं वाईट केलं तो आपण माफी मागायच्या आत मेला, तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि त्यांच्यासमोर काय केलं ते बोलायचं. एकट्यानं जाऊन पुटपुटलेलं चालत नाही. सातव्या दिवसाच्या जियारतीला, म्हणजे कबरीवरच्या प्रार्थनेला, सगळे पुन्हा येणार होतेच. पण मोझेसला त्या दिवशी सुट्टी नव्हती. म्हणजे पुन्हा नऊ, आणि दहावा नाथा.

मी तुमच्या घरी गेलो. तो तुमच्या टेबलाशी बसला होता. मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या आईची माफी मागायला तुम्हाला दहा माणसं पाहिजेत. अन् दहावा कमी पडून राह्यलाय म्हणून मी."

"हो."

"गरज पडली म्हणून मोजताय मला?"

मला काहीतरी शोभेसं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "हो, नाथा. आणि तेव्हा गरज होती तरी मोजलं नाही. दोन्ही खरंय." मग मी त्याला आजोबांचं सांगितलं. वाटलं होतं तो दचकेल.

"माहीत आहे," तो म्हणाला. "बाबांनी आईला लग्नाच्या आधीच सांगितलं होतं. मी त्या दिवशी घरी येऊन म्हणालो होतो, जाऊन तुमच्या तोंडावर बोलतो. आईनं आडवं पाऊल घातलं दारात. म्हणाली, ते त्यांचं हाये, त्यांनीच सांगावं. आपन हिसकून घ्यायचं न्हाई."

तुम्हाला माहीत होतं. माझ्या प्रत्येक "नियम आहे"च्या वेळी माहीत होतं. मलिद्याचं ताट माझ्यापुढे धरलंत तेव्हाही. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं, आणि तुमच्यासारख्या जिभेच्या बाईनं ते वाक्य गिळलं. त्याबद्दल आभार मानायची माझी लायकी नाही, पण मानतो. तुम्ही माझी लाज राखलीत, आणि तिचं काय करायचं ते माझ्यावर सोडलंत.

नाथा म्हणाला, "येईन. पण मोजून घ्यायला न्हाई येत. ऐकायला येतो."

*

काल जियारत झाली. तुमच्या भावाला मी मुद्दाम फोन करून बोलावलं, नसीमबाईंना, शिंद्यांनाही. एस्तेर आणि बाकीच्या बायका या वेळी मागे थांबल्या नाहीत, कबरीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही एकदा म्हणाला होतात, नाथा दहावा न्हाई, आन् आमी बाया तर अकराव्याबी न्हाई. ते भांडण माझ्याकडे तसंच पडून आहे, वहिनी. ते मी आता अर्ध्यात सोडून उठणार नाही.

नाथा भिंतीजवळ एकटा उभा होता. डोक्यावर टोपी, पण शाल नाही. मी वचन म्हणायला लागलो. शालोम काका, पुण्याचे तिघं, नांदेडचे दोघं, इथले दोघं, मी. नवव्या शब्दावर माझा आवाज आपोआप थांबला, जुन्या सवयीनं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी भिंतीकडे वळलो, नाथाच्या डोळ्यांकडे बघितलं आणि दहावा शब्द मोठ्यानं म्हटला.

तो जागचा हलला नाही. मग एस्तेरनं पिशवीतून दादाची शाल काढून त्याच्यापुढे धरली. तुम्ही ती तिच्याकडे कधी देऊन ठेवली होतीत, मला माहीत नव्हतं. त्यानं ती घेतली, खांद्यावर टाकली आणि चालत येऊन आमच्यात उभा राहिला. माझ्याशेजारी नाही, काकांच्या पलीकडे. तेवढं बास होतं.

मग मी तुमच्याशी बोललो. सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही ऐकलंत की नाही ते मला माहीत नाही, म्हणून जसं बोललो तसं इथे लिहितो.

"सुनंदा वहिनी, टेंभुर्णीच्या कचरूबाबांच्या मुली, मी इस्राएलच्या देवाचा आणि तुमचा गुन्हेगार आहे. तुम्ही विचारायचात काय चुकलं. सांगतो. माझ्या भावाच्या प्रार्थनेला दहा माणसं होती, मी नऊ मोजली. तुमच्या मुलाच्या तोंडातली बापाची कद्दीश मी काढून घेतली. तुम्हाला आत घ्यायला शब्द टाकायचा होता, मी टाकला नाही. तुम्ही माणसं आणलीत, मी त्यांना उठवलं. माझे आजोबा काळे इस्राएल होते, ते कुणाला कळू नये म्हणून मी तुम्हाला दारात ठेवलं, आणि त्याला नियम म्हणालो. शेवटच्या दिवशी तुम्ही हात पुढे केलेत, मी ते घेतले नाहीत. हे सगळं मी केलं. कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी, मला माफ करा."